वाचकांचे प्रश्न : युद्धातली शाळा आणि पडद्यावरचा वर्ग

सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशांतील मुलांच्या शिक्षणावर गेल्या अंकात लेख प्रसिद्ध झाला आणि त्यावर वाचकांची पुष्कळ पत्रे आली. काहींनी कायद्याविषयी विचारणा केली आहे, काहींना नव्या तंत्रज्ञानाकडून मोठी आशा वाटते, तर दोन-तीन पत्रांत स्पष्ट नाराजी आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सात प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी कायद्याचा विद्यार्थी आहे. युद्धात किंवा आणीबाणीत सरकारला अनेक नागरी हक्क तात्पुरते स्थगित करता येतात. मग शिक्षणाचा हक्कही स्थगित होतो का?

उत्तर : होत नाही, आणि याचे कारण करारांच्या मजकुरातच आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या कलमाने, राष्ट्राच्या अस्तित्वालाच धोका निर्माण झाल्यास काही हक्क मर्यादित काळापुरते बाजूला ठेवण्याची मुभा सरकारांना दिली आहे. शिक्षणाचा हक्क मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या करारात, म्हणजे आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या कराराच्या तेराव्या कलमात नोंदवलेला आहे आणि त्या करारात अशी मुभा देणारे कलमच नाही. १९८९च्या बालहक्क संहितेतही ते नाही. अमेरिका वगळता संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्य देशांनी ही संहिता स्वीकारली असल्यामुळे, आज युद्धात उतरलेल्या जवळजवळ कोणत्याही सरकारला हे बंधन आपल्यावर नाही असे म्हणता येत नाही. व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशात इस्रायलने बांधलेल्या भिंतीबाबत २००४ मध्ये दिलेल्या सल्लागार मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही हेच सांगितले, की सशस्त्र संघर्ष सुरू झाला म्हणून मानवी हक्कांच्या करारांनी दिलेले संरक्षण संपत नाही.

मानवी हक्कांच्या करारांबरोबरच युद्धाचे स्वतःचे कायदेही आहेत. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या पन्नासाव्या कलमाने, ताबा मिळवलेल्या प्रदेशातील मुलांच्या संगोपनाच्या व शिक्षणाच्या संस्था नीट चालू राहतील हे पाहण्याची जबाबदारी ताबा घेणाऱ्या सत्तेवर टाकली आहे; अनाथ किंवा आईवडिलांपासून ताटातूट झालेल्या मुलांना शिकवण्याची व्यवस्था नसेल, तर शक्यतो त्यांच्याच भाषेच्या, धर्माच्या आणि राष्ट्रीयत्वाच्या माणसांकडून ती करावी, असेही त्यात म्हटले आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये दोन पूरक करार जोडले गेले; त्यांपैकी देशांतर्गत संघर्षाला लागू होणारा दुसरा पूरक करार तर थेट सांगतो, की मुलांना पालकांच्या इच्छेनुसार शिक्षण मिळाले पाहिजे; आणि हे बंधन सरकारइतकेच सशस्त्र बंडखोरांवरही आहे. शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि लष्करी लक्ष्य नसलेल्या इमारतींवर जाणूनबुजून हल्ला करणे हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या १९९८च्या रोम संविधीनुसार युद्धगुन्हा आहे.

एक पळवाट मात्र तुम्ही अभ्यासकाच्या नजरेने पाहायला हवी. सामाजिक हक्कांची पूर्तता 'उपलब्ध साधनसंपत्तीच्या कमाल मर्यादेपर्यंत' करावी, असे करारांत म्हटले आहे आणि युद्धखोर सरकारे या शब्दांच्या आड लपतात. साधने कमी आहेत हे कारण नव्या शाळा न बांधण्यासाठी कदाचित चालेल. मुली, अल्पसंख्याक किंवा शत्रुपक्षाची भाषा बोलणारी मुले यांना वर्गाबाहेर ठेवण्यासाठी ते मुळीच चालत नाही, कारण भेदभाव न करण्याचे बंधन तात्काळ लागू होणारे आहे. कायद्यात उणीव फारशी नाही, अंमलबजावणीत ती फार मोठी आहे. शिक्षणावरील हल्ल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या जागतिक आघाडीने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत हल्ल्यांच्या व शाळांच्या लष्करी वापराच्या मिळून सुमारे ६,००० घटना मोजल्या आहेत.

प्रश्न : मी सैन्यात नोकरी केली आहे. मोकळ्या पडलेल्या शाळेत तुकडीने काही रात्री मुक्काम केला, तर त्याला शिक्षणावरचा हल्ला म्हणणे अन्यायाचे नाही का?

उत्तर : हल्ला आणि लष्करी वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कायदाही त्या वेगळ्याच मानतो. शाळेत मुक्काम करण्यावर युद्धकायद्यात सरसकट बंदी नाही. तरीही त्या मुक्कामाचा परिणाम तुम्ही अनुभवाने जाणत असाल. पहिल्या पूरक कराराच्या बावन्नाव्या कलमानुसार, एखाद्या शाळेच्या वापराविषयी शंका असेल तर ती नागरी इमारतच आहे असे धरून चालावे लागते. गच्चीवर टेहळणीचा सैनिक उभा राहिला आणि वाळूची पोती रचली गेली, की ही शंका उरत नाही आणि शाळेचे संरक्षण जाते. तुकडी चौथ्या दिवशी निघून जाते. पण पलीकडच्या बाजूच्या नकाशावर ती इमारत लष्करी ठाणे म्हणून तशीच राहू शकते. मागे राहिलेली न फुटलेली स्फोटके, सरपणासाठी फोडलेले बाक आणि गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती पाहून पालक मुलांना तेथे परत पाठवत नाहीत. मुलींना तर नाहीच.

म्हणूनच नॉर्वे आणि अर्जेंटिना यांच्या पुढाकाराने २०१५च्या मे महिन्यात ओस्लो येथे सुरक्षित शाळा जाहीरनामा मांडला गेला आणि आजवर १२०हून अधिक देशांनी त्याला पाठिंबा दिला आहे. त्यासोबतच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालू शाळेचा लष्करी कामासाठी मुळीच वापर करू नये; सुट्टीचे दिवस किंवा वर्ग सुटल्यानंतरची वेळ ही सबबही चालत नाही. ओस पडलेली शाळा फक्त दुसरा कोणताही पर्याय नसताना, कमीत कमी काळासाठी वापरावी आणि निघताना लष्करी वावराच्या सगळ्या खुणा पुसून टाकाव्यात. जाहीरनामा कायद्याने बंधनकारक नाही, हे खरे आहे. परंतु संयुक्त राष्ट्रांनी आपल्या शांतिसैनिकांना २०१२ सालीच शाळांचा वापर करण्यास मनाई केली. म्हणजे शिस्तबद्ध सैन्याला हे अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही. तुमच्यासारख्या अनुभवी माणसांनी हे प्रशिक्षणात सांगितले, तर त्याचे वजन आमच्या लेखांपेक्षा जास्त असेल.

प्रश्न : आपल्या लेखाने मला राग आला. जिथे पाणी नाही, औषध नाही, तिथे शाळेची चर्चा ही पोट भरलेल्यांची चैन आहे.

उत्तर : आपल्या रागामागची कळकळ मला समजते आणि पहिल्या काही दिवसांपुरते आपले म्हणणे रास्तही आहे. बाँबवर्षाव सुरू असताना मुलाला आधी जिवंत ठेवले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु युद्धे काही दिवसांत संपत नाहीत. सीरियातील युद्ध २०११ मध्ये सुरू झाले आणि असद यांची राजवट २०२४च्या डिसेंबरमध्ये कोसळली. सुरुवातीला सहा वर्षांचे असलेले मूल तोपर्यंत एकोणीस वर्षांचे झाले होते. 'आधी पोट, मग पाटी' हा क्रम त्याच्या बाबतीत पाळला गेला असता, तर पाटीची पाळी आयुष्यात कधी आलीच नसती.

शिवाय निर्वासितांच्या छावणीत काम करणाऱ्यांना विचारले, तर शाळा आणि मदतकार्य यांच्यात ते अशी रेघ ओढत नाहीत. मुले रोज एका जागी जमतात म्हणून लस देता येते, जेवण देता येते, हातपाय सुजलेले किंवा बोलेनासे झालेले मूल वेळीच लक्षात येते आणि रानात पडलेल्या कोणत्या वस्तूला हात लावायचा नाही हे शिकवता येते. जे मूल शाळेत दिसत नाही, त्याला सशस्त्र टोळी उचलते, बापाचे कर्ज फेडण्यासाठी मजुरीला लावले जाते किंवा त्याचे, विशेषतः तिचे, लग्न उरकून टाकले जाते. असे असूनही मानवतावादी मदतीत शिक्षणाचा वाटा अनेक वर्षे अवघ्या काही टक्क्यांत अडकलेला आहे. २०१६च्या इस्तंबूल परिषदेत संकटग्रस्त मुलांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र जागतिक निधी उभारावा लागला तो त्याचमुळे. मुलांसाठी वही मागणाऱ्या छावणीतल्या आईला कोणी चैनी म्हणू नये, एवढी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. महासाथीच्या काळात आम्ही दोन वर्षे मोबाइलवरून शिकवले. युद्धग्रस्त मुलांनाही असेच शिकवता येणार नाही का? आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर शिक्षक नसले तरी काम भागेल का?

उत्तर : काही प्रमाणात शिकवता येते, आणि ज्यांनी शिकवले त्यांच्याकडूनच त्याच्या मर्यादाही समजतात. युक्रेनने महासाथीच्या काळात, २०२० साली, देशव्यापी ऑनलाइन शाळा उभी केली होती. २०२२च्या फेब्रुवारीत रशियाने पूर्ण ताकदीने आक्रमण केले, तेव्हा ती तयार होती म्हणून परदेशी विखुरलेल्या मुलांनाही आपल्याच भाषेतील धडे मिळत राहिले. तंत्रज्ञानाने केलेले हे मोठे काम आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मात्र वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले आणि दिवे गेले की वर्गही जाऊ लागला.

याच देशातील खार्किव्ह शहराचे उदाहरण मला फार बोलके वाटते. हे शहर रशियाच्या सीमेला इतके जवळ आहे, की धोक्याचा भोंगा वाजल्यापासून स्फोटापर्यंत मिळणारा वेळ अत्यंत थोडा असतो. तेथे जमिनीवरच्या शाळा बंद होत्या आणि ऑनलाइन वर्ग चालू होते. तरीही २०२३च्या सप्टेंबरमध्ये शहराने भूमिगत मेट्रोच्या स्थानकांत भिंती आणि दरवाजे उभारून वर्गखोल्या तयार केल्या, आणि पुढच्या वर्षी एक संपूर्ण शाळाच जमिनीखाली बांधली. ज्यांच्याकडे मोबाइल, संगणक, इंटरनेट आणि तयार धडे हे सगळे होते, त्यांनीसुद्धा एवढा खटाटोप केला. सहा-सात वर्षांच्या मुलाला लिहायला शिकवताना पेन्सिल धरलेल्या बोटांकडे पाहावे लागते, शेजारच्या मुलाशी भांडून पुन्हा गट्टी करण्याला दुसरा पर्याय नसतो, हे त्या पालकांनी वर्षानुवर्षांच्या पडद्यावरच्या शाळेतून जाणले होते. तुम्हीही ते पाहिले असेल.

इतरत्र तर पडदाच नाही. इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात २०२० ते २०२२ या युद्धकाळात दूरध्वनी आणि इंटरनेट जवळजवळ पूर्ण तोडलेले होते. सुदानमध्ये २०२४च्या फेब्रुवारीत देशाच्या मोठ्या भागातील मोबाइल जाळे एकाच वेळी बंद पडले. गाझात २०२३च्या ऑक्टोबरपासून वीजपुरवठा तुटला, शाळा बंद पडल्या आणि उरलेल्या शाळांच्या इमारतींत बेघर झालेली कुटुंबे राहू लागली. संघर्ष नसलेल्या काळातही, २०२०च्या युनिसेफ व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या पाहणीनुसार, जगातील शालेय वयाच्या दोन-तृतीयांश मुलांच्या घरी इंटरनेट नव्हते. ज्या साधनाचा मुख्य नळ युद्ध करणाऱ्याच्या हातात आहे, त्यावर मुलांचा संपूर्ण हक्क विसंबून ठेवणे मला धोक्याचे वाटते.

त्यामुळे अशा ठिकाणी साधी साधने अधिक टिकतात. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत, २०१४ साली, शाळा बंद असताना रेडिओवरून धडे दिले गेले. सुदानच्या दुर्गम गावांत सौरऊर्जेवर चालणाऱ्या आणि इंटरनेट न लागणाऱ्या टॅबलेटवरून गणिताचे खेळ शिकवण्याचा प्रयोग झाला. त्यातही गावातलाच एक कार्यकर्ता मुलांना गोळा करून, टॅबलेट वाटून, रडणाऱ्याची समजूत घालून वर्ग चालवत असे. कोणतेही साधन नसतानाही वर्ग भरतो, याचाही दाखला आहे. बोस्नियाची राजधानी साराजेव्होच्या १९९२ पासूनच्या वेढ्यात शिक्षकांनी इमारतींच्या जिन्यांत आणि तळघरांत शाळा भरवल्या, कारण रस्ता ओलांडून शाळेत जाणे म्हणजे नेमबाजाच्या टप्प्यात येणे होते. तेव्हा ज्या इमारतीत मुले, त्याच इमारतीत शिक्षक जात.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी थोडक्यात सांगतो. शिक्षकाला धड्याचे भाषांतर करून देणे, एकाच वर्गातील वेगवेगळ्या पातळीच्या मुलांसाठी सराव तयार करणे, अंध मुलाला पाठ वाचून दाखवणे, या कामांत तिचा उपयोग आहे आणि तो नाकारू नये. पण ही साधने मोठ्या भाषांत तरबेज आणि लहान भाषांत कच्ची असतात, आणि विस्थापित मुलांपैकी अनेकांच्या घरची भाषा या दुसऱ्या प्रकारातली असते. युद्धावर होणारा खर्च कायम ठेवून शिक्षकांचा पगार वाचवण्यासाठी कोणी यंत्र पुढे करत असेल, तर तुम्ही शिक्षकांनी त्याला ठामपणे विरोध करावा. युद्धप्रदेशात महिनोन्महिने पगाराविना शिकवणारे शिक्षक हेच तेथील शिक्षणव्यवस्थेचे खरे भांडवल आहे, आणि पहिला पैसा त्यांच्या वेतनासाठी गेला पाहिजे.

प्रश्न : अफगाणिस्तानातील मुली आता ऑनलाइन शिकतात असे वाचले. म्हणजे बंदी निष्प्रभ ठरली, असे म्हणावे का?

उत्तर : असे म्हणू नये. २०२१च्या सप्टेंबरपासून तेथे सहावीनंतरच्या मुलींना शाळेची दारे बंद आहेत. २०२२च्या मार्चमध्ये शाळा उघडल्या आणि गणवेश घालून आलेल्या मुलींना त्याच सकाळी घरी पाठवले गेले, डिसेंबरमध्ये विद्यापीठेही बंद झाली. किमान १४ लाख मुली माध्यमिक शिक्षणापासून वंचित आहेत, असा युनेस्कोचा २०२४चा अंदाज आहे. गुप्तपणे शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या स्त्रियांच्या धैर्याला माझा नमस्कार आहे. पण त्या अभ्यासानंतर देशात मान्य असलेली परीक्षा नाही, पदवी नाही, नोकरी नाही. २०२५च्या सप्टेंबरअखेरीस तालिबानने देशभरातील इंटरनेट बंद केले, तेव्हा हा शेवटचा धागाही तुटला होता. दोन दिवसांनी तो पुन्हा जोडला गेला, इतकेच.

प्रश्न : माझा मुलगा शाळेच्या अॅपवर अभ्यास करतो. संघर्षाच्या प्रदेशांतील मुलांच्या माहितीचा गैरवापर होऊ शकतो, असा ओझरता उल्लेख लेखात होता. तो धोका नेमका काय आहे?

उत्तर : शांततेच्या काळात हा धोका बहुधा जाहिरातदारांकडून असतो. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने महासाथीच्या काळात ४९ देशांत वापरल्या गेलेल्या दीडशेहून अधिक शैक्षणिक साधनांची तपासणी केली आणि त्यांपैकी सुमारे ८९ टक्के साधने मुलांच्या खासगीपणाला धोका पोहोचवणारी किंवा त्याचा भंग करणारी असल्याचे २०२२ मध्ये नोंदवले. यांतील बरीच साधने सरकारांनीच सुचवली होती, त्यामुळे पालकांना निवडीला वावच नव्हता.

युद्धात हीच माहिती जिवावर बेतू शकते. हजेरीपटात मुलाचे नाव, वय, पत्ता, भाषा, धर्म, वडिलांचा व्यवसाय एवढे असले, की कोणत्या घरात कोणत्या जमातीचा चौदा वर्षांचा मुलगा आहे हे सांगणारी ती यादी होते. आणि मुलांना सक्तीने भरती करणाऱ्या टोळीला त्याहून अधिक काही लागत नाही. वहीतली यादी जाळून टाकता येते, दूरच्या संगणकावर साठवलेली यादी शिक्षकाच्या हाती राहत नाही. अफगाणिस्तानात आधीच्या सरकारने आणि परदेशी मदतीतून गोळा केलेल्या बोटांच्या ठशांच्या व बुबुळांच्या नोंदींच्या यंत्रणा २०२१च्या सत्तांतरानंतर तालिबानच्या ताब्यात गेल्या. त्या गोळा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण सत्ता बदलल्यावर हेतूही बदलतो.

बालहक्क संहितेच्या पालनावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये डिजिटल वातावरणातील हक्कांवर जे पंचविसावे सर्वसाधारण मत दिले, त्यात मुलांची माहिती गरजेपुरतीच घ्यावी आणि शिक्षणाच्या साधनांतून व्यापारी हेरगिरी होऊ नये, यावर भर आहे. युनेस्कोने २०२३च्या मार्गदर्शिकेत वर्गात जनरेटिव्ह एआय, म्हणजे स्वतः मजकूर व चित्रे तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, वापरण्यासाठी किमान तेरा वर्षे वय सुचवले आहे. आपल्या मुलाच्या शाळेला आपण तीन गोष्टी लेखी विचारू शकता : हे अॅप कोणती माहिती घेते, ती कुठे साठवते आणि मुलगा शाळा सोडेल तेव्हा ती पुसली जाईल का. शाळेला उत्तर माहीत नसेल, तर तिने ते अॅप मुलांवर सक्तीचे करायला नको होते.

प्रश्न : मी शाळेच्या कार्यालयात काम करतो. युद्धातून पळून आलेल्या मुलाकडे दाखला, गुणपत्रिका, जन्मनोंद यांपैकी काहीच नसते. अशा वेळी नियम काय सांगतो?

उत्तर : १९५१च्या निर्वासित कराराच्या बाविसाव्या कलमानुसार, तो करार मान्य करणाऱ्या देशांनी प्राथमिक शिक्षणात निर्वासित मुलांना स्वतःच्या नागरिकांप्रमाणेच वागवले पाहिजे. बालहक्क संहितेतील हक्क तर देशाच्या अधिकारक्षेत्रात असलेल्या प्रत्येक मुलाला आहे. तो कागदपत्रांवर अवलंबून नाही. तुमच्या देशाचे व खात्याचे नियम तुम्ही जरूर तपासा, पण दाखला नाही या एकाच कारणासाठी लहान मुलाला फाटकातून परत पाठवणे या दोन्ही करारांच्या विरुद्ध आहे.

कागदाचे महत्त्व मी कमी लेखत नाही. सीरियातील युद्धात नववीच्या आणि बारावीच्या परीक्षा देण्यासाठी मुलांनी आघाडीच्या रेषा आणि एकामागून एक तपासणी नाकी ओलांडून दिवस-दिवस प्रवास केला, कारण मान्यताप्राप्त प्रमाणपत्राशिवाय पुढचा रस्ता बंद होता. उच्च शिक्षणात निर्वासित तरुणांचे प्रमाण अजूनही दहा टक्क्यांच्या आतच आहे आणि ते २०३०पर्यंत पंधरावर नेण्याचे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाचे उद्दिष्ट आहे. कागद हरवलेल्यांसाठी युरोप परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) २०१७ पासून निर्वासितांसाठी पात्रता पारपत्र सुरू केले. त्यात उमेदवार आपल्या शिक्षणाची माहिती भरतो, असतील नसतील ते कागद जोडतो आणि त्याच्या विषयातील जाणकार त्याची मुलाखत घेतात. मिळणारा दस्तऐवज पाच वर्षे चालतो. युनेस्कोचा उच्च शिक्षणातील पात्रतांच्या मान्यतेचा जागतिक करार २०२३च्या मार्चमध्ये अमलात आला आणि त्यानेही कागद हरवलेल्या निर्वासितांच्या पात्रतेचे मूल्यमापन करण्याचे बंधन सदस्य देशांवर घातले आहे.

शालेय पातळीवर तुमच्या हातात बरेच काही आहे. मुलाला त्याच्या वयानुसार वर्गात तात्पुरता प्रवेश द्या. पालकाचे किंवा सोबतच्या नातेवाइकाचे साधे लेखी निवेदन घ्या. महिनाभरात शिक्षकाकडून त्याची पातळी तोंडी आणि लेखी तपासून घ्या. पहिल्या दिवसापासूनची हजेरी आणि प्रत्येक परीक्षेचा निकाल स्वतंत्र कागदावर नोंदवून त्याची सही-शिक्क्यासह प्रत कुटुंबाच्या हाती ठेवा, कारण हे कुटुंब कदाचित सहा महिन्यांत पुन्हा दुसरीकडे जाईल आणि तेव्हा पुढच्या शाळेतल्या कारकुनासमोर ठेवायला त्यांच्याजवळ तुम्ही दिलेला तो कागद असेल.